पहिल्या आग्रहाला नाही म्हणायचं असतं

हसणार नाही असं वचन देत असाल तरच सांगतो. जाऊ दे, नका देऊ, तुम्ही हसणारच. निदान हातातला चहा तेवढा खाली ठेवा, म्हणजे अंगावर सांडणार नाही. आमची मेधा तर अजूनही भाजी चिरता चिरता मध्येच हसत सुटते, आणि मला न विचारताच कळतं की हिला काय आठवलं.

तर मंडळी, मी सिंगापूरमध्ये एका पोलिश बाईला इंग्रजी शिकवलं!

झालं, लागलात हसायला? अहो, पुढचं ऐका तरी.

तिचं नाव काशा. वुडलँड्सला आमच्या वरच्या मजल्यावर एक खोली भाड्याने घेऊन राहते. पोलंडहून नोकरीसाठी एकटीच आलेली. लिफ्टमध्ये ओळख झाली, मेधाने तिला तिथल्या तिथे चहाला बोलावलं आणि आठवड्याभरात काशाची काशी करून टाकली. आमची लेक सई तर शाळेतून आली की दप्तर फेकून आधी काशी आंटीकडे पळायची.

काशीचं इंग्रजी पुस्तकातलं. व्याकरण असं कडक इस्त्रीचं की आपण तोंड उघडायला कचरावं. पंचाईत व्हायची ती रोजच्या बोलण्यात.

"सुहास, लोक लिफ्टमध्ये मला विचारतात, हाऊ आर यू. मी सांगायला लागते, काल झोप लागली नाही, गुडघा दुखतोय. तेवढ्यात ते उतरून जातात. ऐकायचं नव्हतं तर विचारलं कशाला?"

आता याला काय उत्तर आहे, तुम्हीच सांगा!

शिवाय स्वतःच्या भाषेतले वाक्प्रचार ती जसेच्या तसे इंग्रजीत ओतायची. त्यांच्याकडे सोप्या कामाला म्हणतात 'लोणी लावलेला पाव'. ऑफिसात कुणी विचारलं, हे काम जमेल का, तर ही झोकात म्हणाली, "ब्रेड रोल विथ बटर!" त्या भल्या माणसाला वाटलं बाईला भूक लागली. तो खाली जाऊन तिच्यासाठी टोस्ट घेऊन आला. हिने खाल्लाही बिचारीने.

मी म्हटलं, "काशी, तू काळजीच सोड. मी शिकवतो तुला."

"तू?" मेधा स्वयंपाकघरातून. "तुझं इंग्रजी ईमेलपुरतं. काइंडली डू द नीडफुल!"

"त्याच इंग्रजीवर हे घर चाललंय."

"बाबा," सईने मोबाइलमधून मान वर न करता सांगितलं, "डोन्ट एनीहाऊ टीच, लाह!"

सिंगापुरी इंग्रजीत याचा अर्थ, काहीबाही शिकवू नकोस. घरात हा एवढा मान आहे मला.

पण काशीचा माझ्यावर विश्वास बसला. रविवारी सकाळी आमच्या जेवणाच्या टेबलाशी शिकवणी सुरू झाली. आणि एका रविवारी तिने मनातलं खरं दुखणं काढलं. चिनी नववर्षाला तिच्या ऑफिसात अननसाच्या टार्टचा डबा फिरला. तिला जीव जाईल इतकं खावंसं वाटत होतं. ती म्हणाली, "नो, थँक यू." आणि डबा सरळ पुढे गेला! परत आलाच नाही!

"आमच्याकडे पहिल्यांदा नाहीच म्हणतात," ती डोळ्यांत पाणी आणून म्हणाली. "मग घरची बाई रागावते, परत वाढते. माझी आजी तर पाच वेळा विचारायची. इंग्रजीत असं नसतंच का?"

अहो, मला तर ही माझी सख्खी मावसबहीणच वाटायला लागली! कुठलं पोलंड आणि कुठलं पुणे, पण आग्रह तोच. मला उमाळाच आला. आणि त्या उमाळ्याच्या भरात मी जे ज्ञान पाजळलं, तिथेच सगळा घोळ झाला.

मी म्हटलं, "नसतं कसं? सगळीकडे असतं! तू नाही म्हणालीस ते बरोबरच होतं, फक्त कोरडं म्हणालीस. त्यात जीव पाहिजे. नो, नो, प्लीज, व्हाय सो मच ट्रबल! असं म्हणायचं. पहिला नकार ही नम्रता, दुसरा नकार हे संस्कार, आणि तिसऱ्यांदा विचारलं की लाजत लाजत हो म्हणायचं. पहिल्या झटक्यात हो म्हणणारा माणूस हावरट दिसतो."

"पण मला इथे कुणीतरी सांगितलं होतं..."

"त्यांना काय कळतंय? चल, प्रयोग करू. मेधा, पुरणपोळी आण!"

काशी म्हणाली, "नो, नो, प्लीज, व्हाय सो मच ट्रबल." मेधाने वाढली. "नो, नो, रिअली." मेधाने वरून तुपाची धार सोडली. मग आम्ही तिला जोश्यांकडे घेऊन गेलो, तिथे तिला नाही म्हणून म्हणून श्रीखंड तीनदा मिळालं. कुलकर्ण्यांकडे तर नको म्हणाली म्हणून जाताना डबा भरून दिला. काशी हरखून गेली. जिथे जाऊ तिथे शंभर टक्के यश!

आता हे सगळे प्रयोग मराठी घरांतच झाले होते, एवढं मास्तरांच्या ध्यानात यायला हवं होतं. नाही आलं.

आणि अशात तिची कंपनी इथलं ऑफिस बंद करायला निघाली. दुसरी नोकरी मिळाली नाही तर इथे राहायचा पास संपणार, आणि पास संपला की पोलंड. सई दोन दिवस धड जेवली नाही. मेधा म्हणाली, "सुहास, काहीतरी कर रे, तिला जाऊ द्यायचं नाही." मलाही आतून तुटत होतं, खोटं कशाला सांगू?

योगायोग बघा, बुओना व्हिस्टाला आमच्याच ऑफिसात युरोपच्या गिऱ्हाइकांशी बोलायला माणूस हवा होता. मी मॅडम लिमच्या कानावर घातलं. या आमच्या मोठ्या साहेब. बाई सज्जन, पण शब्द मोजून. एक प्रश्न, एक उत्तर, पुढची फाइल! आमच्या विभागाचा प्रमुख राजन, जो माझ्यानंतर कंपनीत आला आणि माझ्या डोक्यावर कसा जाऊन बसला हे मला कधीच कळलं नव्हतं, त्यालाही मी गळ घातली.

मुलाखत झाली. मी खालच्या कोपी स्टॉलवर, म्हणजे इथल्या कॉफीच्या टपरीवर, चहा घेऊन वाट बघत बसलो. काशी आली ती नुसती उजळलेली.

"सुहास! फार छान झालं! मॅडमनी तिथेच नोकरी देऊ केली!"

"शाब्बास! मग?"

"मग काय, मी नाही म्हणाले."

मंडळी, तुम्हाला चहा खाली ठेवायला सांगितलं ते उगीच नाही.

"ना... नाही म्हणालीस?"

"नो, नो, प्लीज, व्हाय सो मच ट्रबल, तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं कुणीतरी मिळेल." तिने अगदी माझ्या सुरात म्हणून दाखवलं. जीव ओतून म्हणाली होती हो! "बरोबर ना?"

"आणि मॅडम?"

"त्या म्हणाल्या, ओके, नो प्रॉब्लेम, थँक्स फॉर कमिंग." आणि मोबाइल टेबलावर ठेवून ती शांतपणे बसली. "आता दुसऱ्यांदा विचारायला फोन किती वाजता येईल?"

मी लिफ्टची वाट बघितली नाही. जिन्याने धावलो. या वयात! मागून काशी, "काय झालं? मी हावरट दिसले का?"

मॅडम लिम पुढच्या उमेदवाराला फोन लावायच्या बेतात होत्या.

"मॅडम! ती नाही म्हणाली ते नाही नव्हतं!"

"शी सेड नो, सुहास. आय हर्ड."

"मॅडम, ते मॅनर्स होते." आणि मी धापा टाकत पुन्हा सगळं शास्त्र सांगितलं. नम्रता, संस्कार, तिसऱ्यांदा लाजत लाजत हो. त्यांचं असं, आमचंही तसंच, आणि शिकवलं मी, तेव्हा चूक सगळी माझी.

मॅडमनी हातातला फोन खाली ठेवला. "म्हणजे तुम्हाला हवं असतं तेव्हा तुम्ही नको म्हणता?"

"होय मॅडम."

"अँड समबडी मस्ट आस्क थ्री टाइम्स?"

"निदान दोनदा तरी, मॅडम."

"वा लाऊ! नॉट टायर्ड, आह?" वा लाऊ म्हणजे इथलं 'अरे देवा'. त्यांनी दारात उभ्या असलेल्या काशीकडे बघितलं. "काशा. जॉब. वाँट ऑर डोन्ट वाँट?"

काशीने माझ्याकडे बघितलं. मी घाईघाईने मान हलवली. पण कशी? आपली, डावी-उजवीकडे डोलणारी! पोरगी गोंधळलीच. देवाची कृपा म्हणून तिने मास्तरांचा नाद सोडला आणि ओरडून म्हणाली, "वाँट! व्हेरी मच वाँट!"

"गुड. मंडे, नऊ वाजता."

एवढं सोपं होतं हो सगळं! मला इतकं हायसं वाटलं की मी तिथेच डोळे पुसले. वळलो, तर मागून हाक आली.

"सुहास, वेट. राजनच्या आधी मी तुला विचारलं होतं, विभागप्रमुख होशील का. तू म्हणालास, नो नो मॅडम, देअर आर मेनी बेटर पीपल." त्यांनी चष्मा काढला. "तेही मॅनर्स होते?"

काय सांगू! त्या दिवशी मी घरी येऊन मेधाला म्हटलं होतं, बघ, उद्या परत विचारतील. दुसऱ्या दिवशी राजनच्या टेबलावर केक कापत होते.

"हो मॅडम," मी पुटपुटलो.

"आय सी. राजन चेन्नईला परत चाललाय. सो, आय आस्क अगेन. तू घेतोस का?"

मंडळी, एवढी वर्षं ज्या क्षणाची वाट बघितली तो समोर उभा होता. आत्ताच, याच खोलीत, मी हेच शास्त्र तोंडाने सांगितलं होतं. 'हो' एवढंच म्हणायचं होतं. आणि माझं तोंड काय म्हणालं?

"नो, नो मॅडम, व्हाय सो मच ट्रबल..."

"ओके लाह," मॅडम म्हणाल्या. "क्लोज द डोअर, आह."

मी दार बंद केलं. बाहेर थोडा वेळ उभाही राहिलो, न जाणो, हाक येईल. नाही आली. आणि परत आत जाऊन 'माझंही ते मॅनर्सच होतं' म्हणायचं, तर कुठल्या तोंडाने?

संध्याकाळी घरी जंगी जेवण झालं. सई काशीच्या मांडीवरून उठायला तयार नाही. मेधाने पुरणपोळ्या केल्या होत्या. काशीला विचारलं, "अजून एक?" तर ती पटकन म्हणाली, "वाँट!" आणि ताट पुढे केलं. सगळे हसलो. मी मात्र मनाशी ठरवलं, बस्स, हीच खरी गुरू. आजपासून आपणही पहिल्याच झटक्यात हो म्हणायचं.

तेवढ्यात मेधाने विचारलं, "सुहास, तुला वाढू का रे अजून एक?"

"हो!" मी ताट पुढे केलं. "वाढ!"

मेधाने रिकामा डबा माझ्यासमोर तिरका करून दाखवला.

"अरे, संपल्या. तू नको म्हणशील म्हणून विचारलं."