खोटा किलवर

नंदुरबारच्या शाळेत मी गणित शिकवत होतो, तेव्हाची गोष्ट. दुसरं महायुद्ध अजून सुरू व्हायचं होतं. दर रविवारी दुपारी डॉक्टरांच्या ओसरीत आमचा ब्रिजचा डाव बसे. डॉक्टर आणि मामलेदार एकीकडे, मी आणि स्टेशनवरचे छोटे मास्तर दुसरीकडे. छोटे मास्तर म्हणजे असिस्टंट स्टेशनमास्तर, कळसाडी गावचे. गोऱ्या साहेबाशी इंग्रजी बोलत, माझ्याशी अहिराणी.

आम्ही नेहमी हरायचो. पत्ते चांगले येत, पण कोणत्या हुकुमावर किती हात करू, ही बोली लावताना एकमेकांकडे काय आहे ते कळत नसे. एकदा स्टेशनच्या बाकावर गाडीची वाट पाहताना ते म्हणाले, "मास्तर, मन्हाकडे किलवर नही, तरी मी 'एक किलवर' बोलसू. मन्हा हात भारी शे, इतलंच तुमले समजाले पाहिजे."

मी बाकावरून उठलोच. बोलीचा अर्थ आपण ठरवायचा! मग उत्तरंही आपलीच. मी 'एक चौकट' म्हटलं की एक्का नाही, 'एक बदाम' म्हणजे एक एक्का, 'एक इस्पिक' म्हणजे दोन. गाडी येऊन गेली तरी आम्ही बोलतच होतो. वर्गात फळ्यावर गणित मांडतानाही माझ्या डोक्यात बोलीच चालू असत.

पहिल्याच रविवारी फजिती झाली. त्यांनी 'एक किलवर' म्हटलं आणि मी सवयीने पास म्हणालो. किलवरच हुकूम ठरला, आणि त्यांच्याकडे किलवरचे दोनच पत्ते होते. डॉक्टर हसून हसून लाल झाले.

पुढच्या खेपेला मिरच्यांचा हंगाम होता. वारा बाजाराकडून येत होता आणि सगळेच शिंकत होते. छोट्या मास्तरांनी 'एक किलवर' म्हटलं, तेवढ्यात मला शिंक आली. मी 'एक इस्पिक' म्हणालो. मामलेदारांनी पत्ते उलटे ठेवले.

"ही शिंक कशाची खूण?"

"शिंक मिरचीची," मी म्हणालो. "खूण बोलीत आहे, आणि ती तुम्हालाही सांगायलाच हवी." मग मी सगळी पद्धत उलगडून सांगितली. माझ्याकडे दोन एक्के आहेत, हेही त्यांना कळलं.

मामलेदारांनी पत्ते पुन्हा उचलले. "सांगून खेळता, मग हरकत नाही," म्हणाले.

छोट्या मास्तरांनी दोन बदाम म्हटलं, मी तीन केले. आणि त्यांनी एकदम सात म्हटलं. तेराच्या तेरा हात करायचे! आता दोघांचे पत्ते तेच खेळणार, म्हणून मी माझे पत्ते टेबलावर मांडले आणि त्यांच्या मागे जाऊन उभा राहिलो. बघतो तो, किलवरचा एक्का आणि राणी त्यांच्याकडे, राजा मात्र समोरच्या दोघांपैकी कुणाकडे तरी. आमच्या भाषेत राजासाठी शब्दच नव्हता.

त्यांनी माझ्या पत्त्यांतून छोटा किलवर टाकला. उजवीकडच्या मामलेदारांनी छोटा पत्ता दिला. छोट्या मास्तरांनी राणी टाकली. राजा डॉक्टरांकडे असला तर राणी गेली; सगळ्यांच्या नजरा त्यांच्याकडे. डॉक्टरांनी सावकाश किलवरची तिरी टाकली. राजा मामलेदारांकडेच अडकला होता; तेराही हात आमचे झाले.

"नशीब," मामलेदार म्हणाले.

"हा, नशीबच," छोटे मास्तर म्हणाले. आणि ते पत्ते पिसू लागले.

घरी जाताना आम्ही राजांसाठी नवी बोली ठरवायला घेतली. पुढच्या रविवारी मामलेदारांनी चहाआधीच विचारलं, "ते किलवरचं आम्हाला शिकवा." आम्ही शिकवलं. महिन्याभरात ते दोघे आमच्याच पद्धतीने आम्हाला हरवू लागले, आणि आम्ही आणखी नवी शोधायला बसलो.