दोन साडू आणि वाईची हळद

इस्लामपूरच्या मानसिंगरावांना जगात दोन गोष्टी खपत नसत. एक म्हणजे रस्त्यावर कोणी त्यांच्या पुढे गाडी काढलेली, आणि दुसरी म्हणजे कोणी त्यांच्या आधी मान घेतलेला. पहिलीवर उपाय सोपा होता, पाय दाबला की झालं. दुसरीवर त्यांच्याजवळ एकच उपाय होता आणि तो म्हणजे रुसणं. आता रुसायला काय, सगळेच रुसतात. पण दोन दिवसांत विसरतात, कोणी भाकरी वाढली की येतात ताटावर. मानसिंगरावांचं तसं नव्हतं. त्यांचा रुसवा उसाच्या खोडव्यासारखा, कापला तरी पुन्हा फुटायचा.

एरवी माणूस सोन्यासारखा. लढाईत पलटणीच्या मोटारी हाकल्या, इराकची वाळू खाल्ली आणि सुटून आल्यावर फौजेतून निकालात निघालेले दोन ट्रक घेऊन धंदा मांडला. दोन्ही ट्रकांच्या कपाळावर स्वतःचं नाव ठळक रंगवून घेतलं. चढणीला लागलेली बैलगाडी दिसली की स्वतः उतरून मागून ढकलायचे आणि वर गाडीवानाला शिव्या घालायचे, की बैलांना खायला घालतोस का नुसतं पुराण सांगतोस. शिव्या खाल्लेला गाडीवान हसत पुढे जायचा. असा माणूस सख्ख्या साडूशी वर्षभर बोलत नव्हता, याचं सगळ्या वाळवा तालुक्याला नवल होतं.

साडू म्हणजे कडेगावचे दादासो. मानसिंगरावांची बायको मनुबाई थोरली, दादासोंची बायको बनुबाई तिची पाठची बहीण. दादासोही त्याच पलटणीतले, पण गाड्या दुरुस्त करणारे, आणि आता त्यांचेही दोन ट्रक होते. गेल्या लग्नसराईत मेव्हण्याचं लग्न झालं. मांडवात गडबड, वाजंत्र्यांचा कल्लोळ, आणि फेटे बांधणाऱ्यानं मानाचा पहिला फेटा बांधला तो धाकट्या साडूच्या डोक्याला! थोरला साडू शेजारी उघड्या डोक्यानं उभा. चूक फेटेवाल्याची, आणि शिक्षा दादासोंना. मानसिंगराव जेवणाच्या पंगतीतून उठले, गाडी सुरू केली आणि त्या दिवसापासून तोंड बंद. बहिणी मात्र दोघांच्याच ट्रकांतून एकमेकींना शेवया आणि लोणच्याच्या बरण्या पाठवत राहिल्या. बरण्या बोलत होत्या, नवरे बोलत नव्हते.

सत्तेचाळीस सालच्या फाल्गुनात सांगलीच्या चिंतामणरावांनी चार मोटारवाल्यांना आपल्या माडीवर बोलावलं. चिंतामणरावांचेही तीन ट्रक होते, शिवाय बोलणं गोड आणि डोकं थंड.

"अहो, आपला मूर्खपणा पाहा," ते म्हणाले. "मानसिंगराव साताऱ्याला साखर टाकतात आणि रिकामे परत येतात. दुसऱ्या दिवशी मी रिकामा साताऱ्याला जातो आणि तिथला माल घेऊन येतो. पेट्रोल मिळतं मोजून, टायर मिळत नाहीत, आणि आपण दोघं मिळून हवा वाहतोय. वर व्यापारी मला सांगतो की ते कमी घेतात, त्यांना सांगतो की मी कमी घेतो. त्यात पुण्याची मोठी कंपनी या रस्त्यावर गाड्या घालणार म्हणतात. ती आली की आपण पाचही जण घरी."

मग त्यांनी तोड सांगितली. पाचांची मिळून एक सहकारी मंडळी. पाटाच्या पाण्याची जशी पाळी असते तशी मालाची पाळी. ज्याची पाळी त्यानं भरायचं, जाताना एकाचा माल तर येताना दुसऱ्याचा, आणि रस्त्यात कोणाची गाडी बसली तर मागून येणाऱ्यानं त्याचा माल पुढे पोचवायचा.

मानसिंगरावांना हे सगळं मनापासून पटलं. फक्त पाचव्या खुर्चीवर दादासो बसले होते, ते पटलं नाही. त्यांनी घसा खाकरला.

"एक नेम घाला. ज्येचा माल हाय त्येनं सोताच्या तोंडानं सांगितल्याबिगर दुसऱ्यानं हात लावायचा न्हाई. न्हाईतर कुनीबी येतंय आन् आमच्या गाडीत हात घालतंय."

कुनीबी म्हणजे कोण, हे माडीवरच्या सगळ्यांना कळलं. दादासो खिडकीतून बाहेर बघत राहिले. चिंतामणरावांनी निमूटपणे नेम घातला.

मंडळीचं पहिलं मोठं काम चैत्रात आलं. वाईची हळद तोवर बैलगाड्यांतून मुक्काम करत करत सांगलीच्या सौद्याला यायची. वाईच्या शेतकऱ्यांनी सांगितलं, एक खेप आणून दाखवा. उद्याच्या सौद्यासाठी आज दिवस मावळायच्या आत माल पेढीवर उतरला तर हंगामभराची हळद तुमची. न उतरला तर पुण्याची कंपनी आहेच. म्हणजे ही खेप चुकली की मंडळीचा बारशालाच बारावा. मानसिंगराव छाती पुढे काढून म्हणाले, "पैली खेप माझी. माझी गाडी कवा बसत न्हाई."

असं बोलू नये. गाड्यांना कान असतात.

वाईहून सकाळी पोती भरून निघाले. सातारा मागे पडला, उंब्रज गेलं, कऱ्हाडला कृष्णा-कोयनेला हात जोडून झाले. क्लीनर आकाराम, जो वयानं मालकापेक्षा मोठा होता आणि मालकाला भीत नव्हता, दोनदा म्हणाला की मागच्या चाकात करकर वाजतंय. मानसिंगरावांनी दोनदा त्याला गप केलं. नेर्ल्याच्या अलीकडे करकर थांबली, एक मोठा आवाज झाला आणि ट्रक रस्त्याच्या कडेला कलून उभा राहिला. मागचा आस मोडला होता.

दुपार कलत होती. रस्त्यावर एक कुत्रं सोडून काही नव्हतं. मानसिंगरावांनी आधी गाडीला शिव्या दिल्या, मग आसाला, मग इंग्रज सरकारला. आकाराम बाभळीखाली बसून तंबाखू मळत ऐकत होता. शिव्या संपल्यावर त्यांनी मावळतीकडे पाहिलं. सूर्य काही कोणासाठी थांबणार नव्हता, आणि मंडळी बुडवली कोणी, तर मानसिंगरावांनी, असं उद्या अख्खी सांगली म्हणणार होती.

तेवढ्यात पेठ गावाच्या बाजूनं धुरळा उडवत एक ट्रक आला. रिकामा. मानसिंगरावांचा चेहरा उजळला आणि ट्रक जवळ येताच पुन्हा पडला. चाकावर दादासो होते. शेजारी बनुबाई.

दादासोंनी ट्रक थांबवला, खाली उतरले, मोडलेल्या आसाकडे वाकून पाहिलं, हात झटकले आणि आपल्या ट्रकाला टेकून उभे राहिले. बनुबाई पदर सावरत उतरली आणि आकारामाजवळच्या धोंड्यावर जाऊन बसली.

मानसिंगराव तिच्याकडे वळले. "बनू, सांग की तुज्या मालकाला, माल सांगलीला न्ह्याचा हाय म्हून."

"म्या न्हाई सांगनार, दाजी," बनुबाई म्हणाली. "वरीसभर हिकडचा निरोप तिकडं न्हेऊन माजी जीभ झिजली. तुमी दोगं बसा मुकं. मला काय, मी हितं हळकुंडं चघळत बसते."

आकाराम खो खो हसला. मालकानं डोळे वटारले तसा तंबाखूत गुंतला. मग मानसिंगरावांनी लेकी बोले सुने लागे, असा मार्ग काढला. स्वतःच्या ट्रकाच्या बॉनेटवर हात ठेवून मोठ्यानं म्हणाले, "गडे, तुजा माल आता त्या रिकाम्या गाडीत जाया पायजेल. कळलं का?"

दादासोंनी स्वतःच्या ट्रकाच्या चाकाला हलकेच लाथ घातली. "ऐकलंस का गं? तुला ती गाडी सांगतीया. पर नेम हाय बाई, मालकानं तोंडानं सांगायचं. गाडीचं सांगनं चालत न्हाई. नेम कुनी घातला ठाव हाय न्हवं?"

नाक दाबल्याशिवाय तोंड उघडत नाही म्हणतात. इथे नाक मानसिंगरावांनी स्वतःच दाबून घेतलं होतं. ते रस्त्याच्या कडेनं थोडं चालत गेले, परत आले. पुन्हा गेले. त्यांच्या मनात काय चाललं होतं ते चेहऱ्यावर सरळ दिसत होतं. पाच घरांची चूल एका बाजूला आणि आपला ताठा दुसऱ्या बाजूला, आणि ताठा किती हलका भरतो हे आयुष्यात पहिल्यांदाच त्यांना कळत होतं. लाज वाटली. मंडळीची नव्हे, स्वतःची. ते दादासोंच्या समोर येऊन उभे राहिले.

"दादासो," ते म्हणाले. "माजी गाडी बसली रं. माल घे."

दादासोंनी ट्रकातून पाण्याचा चंबू काढून पुढे केला. "आदी पानी प्या. तोंड सुकलंय तुमचं."

मग जी धांदल उडाली ती विचारू नका. पोतं दोघांनी उचलायचं, आणि मुक्यानं पोतं उचलता येत नाही. "हं, धर!" "वर घे, वर!" "आवं, पाय माजा हाय तो!" "मग काढ की रं येड्या!" वर्षभराचं साठलेलं सगळं त्या पोत्यांवर निघालं. आकाराम वर चढून थप्पी लावत होता, बनुबाई खालून मोजत होती आणि मधेच दोघांनाही रागावत होती. घासलेली हळकुंडं, त्यांची पिवळी भुकटी गोणपाटातून झिरपत होती. शेवटचं पोतं चढलं तेव्हा दोन्ही साडू मिशीपासून टाचेपर्यंत पिवळे झाले होते.

आकारामाला मोडक्या गाडीजवळ ठेवलं. पुढे बनुबाई बसली होती, म्हणून मानसिंगराव मागे पोत्यांवर चढले. इस्लामपूर जवळ आलं तसं त्यांच्या लक्षात आलं की आता आपण आपल्याच गावातून साडूच्या ट्रकात बसून जाणार. ताडपत्री अंगावर ओढून घ्यावी असं फार वाटलं. एक टोक धरलंही. मग सोडून दिलं. गांधी चौकात गाडी हळू झाली आणि पानाच्या ठेल्यावरून कोणीतरी ओरडलं, "मानसिंगराव, ह्या वयात हळद? नवरी कुठली?"

"गप रं!" मानसिंगराव गरजले. "करवला चाकावर बसलाय, त्येला इचार!"

सारा चौक हसला. मनुबाई दारात आली होती. पिवळा नवरा, पिवळा मेव्हणा आणि त्याच्या शेजारी हसणारी बहीण बघून ती पदर तोंडाला लावून तशीच उभी राहिली. गाडी थांबवायला वेळ नव्हता.

आष्टा मागे टाकून आयर्विन पुलावर आले तेव्हा ऊन कृष्णेच्या पाण्यावर आडवं पडलं होतं. पेढीवर शेवटचं पोतं उतरलं आणि मग दिवस मावळला. वाईचा माणूस आधीच येऊन बसला होता. त्यानं दोन्ही साडवांकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाला, "पुढची खेप कवा न्हेता?" चिंतामणरावांनी डोळे मिटून गणपतीला हात जोडले.

मग ते दादासोंकडे वळले. "तुम्ही सकाळी सांगितल्याप्रमाणे तुमची आजची कऱ्हाडच्या भुईमुगाची पाळी आपल्या मंडळीतल्या बिराप्पांना दिली. पण आता तुमची पाळी फिरून यायला आठवडा लागेल हो."

"चालंल," दादासो म्हणाले आणि हात धुवायला निघाले.

मानसिंगरावांनी त्यांचा दंड धरला. "पाळी सोडलीस? मग नेर्ल्याला रिकामी गाडी घिऊन काय कराय आलतास?"

दादासोंनी दंड सोडवून घेतला. चिंतामणरावांनीच सांगितलं. "काल तुम्ही वाईला जाताना पेठ नाक्यावर यांच्या शेजारून गेलात. यांनी चाकाचा आवाज ऐकला. सकाळी येऊन मला म्हणाले, साडूची गाडी आज बसणार, मी रिकामा समोरून जातो."

"मग कालच सांगाया काय झालतं?" मानसिंगराव ओरडले.

"सांगितलं असतं तर तुमी हट्टानं तीच गाडी कोल्लापुरापत्तोर दामटली असती," दादासो म्हणाले. "तुमी बोलायचं न्हाई ह्ये ठाव हुतं, म्हून हिला संगं घेतली. तर ही बया ऐनवेळी फिरली."

"बरं केलं," बनुबाई म्हणाली.

मानसिंगराव पेढीच्या पायरीवर बसले. बराच वेळ मिशा चोळत राहिले, हातावर पिवळं आलं ते धोतराला पुसत राहिले. मग शेजारी थाप मारून म्हणाले, "बस हितं." दादासो बसले.

"माज्या थोरल्या पोरीला स्थळ आलंय," मानसिंगराव खाली बघत म्हणाले. "दोन म्हैनं झालं. मानसं हो म्हना, न्हाई म्हना म्हनत्यात. पोरीचा काका म्हून तुला इचारल्याबिगर मला काय सुचंना. आन् स्थळ तुज्याच कडेगावचं."

"ठाव हाय मला. बनूनं तवाच सांगितलं."

"मग?"

"पोरगं चांगलं हाय," दादासो म्हणाले. "दोन म्हैनं पाळत ठिवलीया त्येच्यावर. तालमीत जातंय, वाईट नाद न्हाई, आयशीला उलट बोलत न्हाई. त्येच्या चुलत्याच्या घरी जाऊन जेवूनबी आलो. डोळं झाकून हो म्हना."

मानसिंगरावांना रडू कोसळलं, आणि भर पेठेत, हमालांच्या समोर, तो दांडगा माणूस पिवळ्या गालांवरून पिवळं पाणी पुसत बसला.

"आरं मग मला सांगितलं का न्हाईस दोन म्हैनं?"

"तुमी इचारलं कुटं?" दादासो म्हणाले आणि साडूच्या पाठीवर हात ठेवून बसून राहिले.