काशिरामने न दाखवलेली जागा

काशिराम गेला त्याला येत्या शिमग्यात वर्ष होईल. पेपरात बातमी आली नाही, येणारही नव्हती. म्हणून मी लिहितोय.

आमच्या पनवेलच्या नाटक मंडळीत तो पडदा ओढायचा. गव्हाणच्या अलीकडे, खाडीकाठच्या कोळीवाड्यात त्याचं घर. मासेमारी हा धंदा आणि नाटक हा शौक. प्रयोगाआधी तो मंडपात जाऊन शेवटच्या रांगेतल्या अगदी टोकाच्या खुर्चीवर बसायचा आणि तिथून ओरडायचा, "नाना, सिंहासन सरकवा उजवीकडं! हितल्या मानसाला काय तुमचा नुसता कोपरच दाखवनार?" अंगावर राजाचा पोशाख असायचा, तरी मी मुकाट्याने सिंहासन सरकवायचो. मला पुष्कळ दिग्दर्शक भेटले, पण कोपऱ्यातल्या प्रेक्षकाची एवढी कदर दुसऱ्या कुणी केली नाही.

त्याचं खरं वैभव मात्र पाण्यात होतं. खाडीच्या तळाशी एक खोल जागा होती, तिथे जिताडा मासा मिळायचा. वरून पाणी सगळीकडे सारखंच. बापाने त्याला दोन खुणा दिल्या होत्या. समोरच्या तीरावरची मिठागराची कोठी आणि तिच्या मागचा ताड एका रेषेत धरायचे. त्या रेषेवरून होडी हळूहळू न्यायची आणि नजर गावाकडे ठेवायची. काठावरच्या उंडीच्या झाडाच्या बरोबर माथ्यावर गावामागच्या टेकडीची खाच आली की थांबायचं. दोन रेषा जिथे मिळतात तिथे जाळं. जरा चुकलं की एकीकडे खडक, दुसरीकडे नुसता गाळ. मला त्याने एकदाच नेलं होतं. "पोटात ठेवा हां, नाना. सख्ख्या जावयाला पन नाय सांगितलंय," असं बजावून.

दोन हजार अकरा साली टेकडीच्या पायथ्याशी बावीस मजल्यांचे तीन टॉवर येणार असं ठरलं. बांधकामाने गावाच्या देखाव्याचं किती नुकसान होईल आणि ते कमी कसं करता येईल, याची पाहणी करायला वसुंधरा नावाची मुलगी आली. मुलगी गुणी. कॅमेरा, नकाशे आणि पायात पांढरेशुभ्र बूट. सरपंचाने तिच्या सोबतीला काशिराम दिला.

"काका, गावातली माणसं टेकडी कुठकुठून बघतात, ते सगळं मला दाखवा," ती म्हणाली. "मी प्रत्येक ठिकाणाहून फोटो काढणार. इमारत कुठे आड येते ते बघून ती सरकवायला सांगता येतं."

काशिरामने तिला एकवीरेच्या देवळाचं अंगण दाखवलं. शाळा, विहीर, रस्त्याचं वळण, सरपंचाची गच्ची, सगळं फिरवलं. सात ठिकाणं झाली. "आणखी कुठून?" तिने तीनदा विचारलं.

"बस झालं, बाय. आता च्या घे."

खाडीवर त्याने तिला नेलंच नाही. ओहोटीची वेळ होती. काठावर सुकत टाकलेल्या बोंबलांचा वास, गुडघाभर चिखल, आणि गावातली माणसं सकाळी जिथे बसतात तो पट्टा. परक्या लेकीबाळीला तिथे कसं न्यायचं? घरी पाहुणा आला की आपण त्याला बाहेरच्या खोलीतच बसवतो. काशिरामनेही तेच केलं. जागेचं गुपितही राहिलं, हाही हिशेब असेल.

पुढच्या आठवड्यात टॉवरची उंची कळावी म्हणून तिने एक मोठा लाल फुगा आकाशात सोडला. दोरी धरायला अर्थातच काशिराम. दिवसभर छाती काढून उभा! वसुंधराने सातही ठिकाणांहून फोटो काढले. देवळाच्या अंगणातून बघताना टॉवर टेकडी झाकत होते, म्हणून तिने ते उत्तरेला सरकवायला लावले. बिल्डरने ऐकलं, आणि काशिरामच्याच हाती दोरी देऊन तिने नव्या जागेवर फुगा पुन्हा सोडून पाहिला. जनसुनावणीत टाळ्या पडल्या आणि काशिरामला मानाचा नारळ मिळाला.

कळलं ते दोन हजार तेराच्या दिवाळीनंतर. बांधकाम बारा मजले वर आलं होतं. एका सकाळी काशिराम होडी घेऊन गेला आणि रिकामा परत आला. उंडीच्या माथ्यावर खाच नव्हती, सिमेंटची भिंत होती.

मी गेलो तेव्हा तो ओटीवर बसला होता. त्याचा चुलतभाऊ दाजी त्याला सोलत होता. "दुसऱ्यांदा फुगा सोडला त्या दिवशी मी पान्यातच होतो. फुगा बरोबर खाचेवर आलेला. मना वाटलं, कुनी पुढाऱ्याचा वाढदिवस असंल. म्हनलं, वड्याबिड्या वाटतील तर जाऊ."

"मग बोंबलला का नाय, मेल्या?"

"दोरी तू धरलेली! मी तुला काय शिकवू?"

त्याची बायको गंगाबाई आतून म्हणाली, "नाटकात कोपऱ्यातल्या मानसासाठी राजाला हलवलान. घरचा मानूस कुठं बसतो ते नाय दिसला." मग तिच्याच डोळ्यांत पाणी आलं.

त्याच्या सांगण्यावरून मीच वसुंधराला फोन लावला. तिचं काम केव्हाच संपलं होतं, तरी ती रविवारी स्वखर्चाने आली. या खेपेला गमबूट घालून. "चूक माझीही आहे, काका. टाळ्या पडल्या आणि मी पाण्याकडे बघितलंच नाही," ती म्हणाली. आठव्या ठिकाणाची रीतसर नोंद झाली, तर तिसरा टॉवर, जो अजून पायातच होता, तो तरी चार मजले कमी करा असं मागता येईल, खाच गेली तरी तिच्या बाजूचा टेकडीचा माथा खुणेला दिसत राहील, असं तिचं म्हणणं. त्यासाठी नेमक्या त्या जागी उभं राहून फोटो काढायला हवा आणि यंत्रावर जागेचे आकडे घ्यायला हवेत.

आम्ही तिघं होडीत बसलो. भरती लागली होती. काशिरामने कोठी आणि ताड एका रेषेत आणले आणि त्या रेषेवरून होडी चालवू लागला, गावाकडे बघत. वसुंधरा यंत्र हातात धरून तयार होती.

"इथे का, काका?"

"जरा फुडं."

थोड्या वेळाने तो थांबला. परत मागे आला. बांबू टाकून पाहिला, तो पुरला नाही. टोकाला शिसं बांधलेली दोरी सोडली, तर जिथे तिथे मऊ गाळ लागला. बांधकामाच्या भरावाची माती खाडीत उतरल्यापासून तळही बदलला होता. उरली एकच रेष, आणि ती या तीरापासून त्या तीरापर्यंत लांब. तासभर आम्ही तिच्यावरून पुढे-मागे करत राहिलो. तो भिंतीकडे असा बघत होता, की जणू ती पडदाच आहे, आत्ता कुणीतरी ओढेल.

"काका, साधारण सांगा," वसुंधरा हळूच म्हणाली. "दहा-वीस पावलांचा फरक चालेल. मी लिहिते."

काशिरामने वल्ही आत घेतली. होडी पाण्याबरोबर वाहू लागली.

"माझ्या बापाची जागा हाय ती, बाय," तो म्हणाला. "खोटी नको लिवूस."

तिने यंत्र बंद केलं. कागदावरचा आठवा रकाना कोरा होता. मी गावाकडे पाहिलं. पाचव्या मजल्यावर कुणीतरी खिडकीला काच बसवत होतं. काशिरामने होडी काठाकडे वळवली.