हिरवळीचा पहारा

संशय ही जर उपासना मानली, तर माझ्या शेजाऱ्यांइतका नित्यनेमाचा उपासक तापीच्या दोन्ही तीरांवर शोधून सापडणार नाही. पहाटे स्नान आटोपून मी अर्घ्य देण्यास अंगणात उभा राहतो, तेव्हा कुंपणापलीकडे ते आपल्या हिरवळीच्या कडेला उकिडवे बसलेले असतात. तर्जनी पेरभर मातीत रोवतात, बाहेर काढून नाकाशी नेतात, आणि मग सभोवार असे पाहतात, जणू कोणी मातीतला ओलावा गाठोड्यात बांधून नुकताच पसार झाला आहे.

"गुरुजी, काल पहाटले इतलं पानी दिधं. गयं कोठे ते?"

"वैशाख आहे, नाना. गेले वर."

"वर म्हनजे कोनाकडे?"

या प्रश्नाला शास्त्रात उत्तर नाही. शिवाय त्यांच्या लेखी मी फितूर. एकदा त्यांनी मला तोंडावरच सुनावले, "तुम्ही रोज सकायले तेले पानी पाजतस, आनि तो दिवसभर मन्हं पानी पी जास. तुम्हनी वयख शे ना त्यान्हासंगे? मंग सांगा ना दोन शब्द!" तेव्हापासून अर्घ्याची ओंजळ सोडताना सूर्यनारायणाला त्यांच्या वतीने एक विनंती करण्याचा परिपाठ मी ठेवला आहे. अद्याप सुनावणी झालेली नाही.

हे गृहस्थ जन्माने आणि कर्माने शेतकरी. तापीकाठी केळी आणि ऊस पिकवण्यात त्यांचे आयुष्य गेले. मुलगा नोकरीनिमित्त दूर, मुलगी सासरी. तेव्हा शेत वाट्याने देऊन पतिपत्नी नंदुरबारला आमच्या शेजारी राहावयास आली. ज्याने पाटाचे पाणी एकरांनी खेळवले, त्याच्या वाट्याला आता दोन खाटा मावतील एवढी हिरवळ उरली आहे, आणि तीही हरळीची. हरळी म्हणजे शेतकऱ्याची जन्मवैरीण. तिची मुळे खणता खणता त्यांची कंबर वाकली. आज तीच हरळी उन्हाने माना टाकू लागली की यांचा घास घशाखाली उतरत नाही. माझ्या दृष्टीने ती दूर्वा. परंतु गणेशपूजेसाठी मला ती स्वहस्ते खुडण्याची अनुज्ञा नाही. ते स्वतः खुडून देतात, आणि मुळासकट तर काही गेले नाही ना, हे माझ्या तबकात वाकून पाहतात.

उन्हाळा चढू लागला की संशयालाही पालवी फुटते. नळ एकाआड एक दिवस येतो. त्या दिवशी ते जलवाहिनीला कान लावून बसतात, आणि वरच्या गल्लीत कोणी मोटर लावली हे वैद्याने नाडी ओळखावी तसे ओळखतात. पक्ष्यांसाठी त्यांनी मातीच्या पसरट परळात पाणी ठेवले आहे, पण बुलबुल चोच बुडवू लागला की काठी घेऊन जवळ उभे राहतात. पिण्यास हरकत नाही, आंघोळ करून उडवायचे नाही. पाहुण्याला तांब्याभर पाणी अगत्याने देतात, उरलेले हरळीच्या मुळाशी ओततात, आणि ज्याने तांब्या रिता केला त्याच्या हेतूविषयी पुढे वर्षभर साशंक राहतात. गवत कापण्याचे यंत्र घेऊन एक तरुण दारी आला आणि म्हणाला, "नाना, बारीक करी देऊ का? झकास दिसी!" त्याला त्यांनी फाटकापर्यंत पोचवले. "भर उन्हायामा कोनी टक्कल करस का रे? तुले धाडं कोनी, ते सांग पहिले!" वास्तविक त्यांचे म्हणणे योग्य होते. उन्हाळ्यात गवत उंच राखावे, त्याची सावली त्याच्याच मुळांवर पडते. पाणी सूर्य उगवण्याआधी द्यावे, थोडे थोडे रोज देण्यापेक्षा एकदाच खोल मुरवावे, कडेने उसाचे पाचट अंथरावे. हे सारे ते निष्ठेने करीत. फक्त निसर्गापेक्षा माणसाने हिरवळ सुकवली, यावर त्यांची श्रद्धा अधिक होती.

या श्रद्धेचे मूळ मला ठाऊक होते. त्यांचे थोरले बंधू दादा आणि ते एकाच विहिरीवर आळीपाळीने पाणी धरीत. एका उन्हाळ्यात यांच्या बारीला, म्हणजे पाणी धरण्याच्या पाळीला, बांध फुटला आणि पाणी दादांच्या उसात गेले. दादांनी मुद्दाम फोडला, असे यांनी मनाशी धरले ते कायमचे. खेकड्याच्या बिळानेही बांध फुटतो, असे मी एकदा सुचवले होते. "खेकडाले बरी मन्हीच बारी समजनी!" एवढेच ते बोलले. पुढे भावाभावांचे बोलणे खुंटले. गेल्या वर्षी माघात दादा गेले. त्यांना मूलबाळ नव्हते, पत्नी आधीच निवर्तली होती. नाना अंत्यविधीला गेले, सगळ्यांच्या मागे उभे राहिले आणि न जेवता परतले.

मग आखाजी आली. आमच्या खानदेशात अक्षय्यतृतीयेला गेलेल्या माणसाच्या नावाने मातीची घागर भरतात, वर आंबा नि डांगर म्हणजे खरबूज ठेवून पूजतात. उन्हाळ्याच्या ऐन तापात पितरांची तहान भागावी, हा त्यामागील भाव. दादांची घागर भरणारे हे एकटेच उरले होते. वहिनींनी, म्हणजे नानांच्या पत्नीने, मला मध्यस्थी करावयास बोलावले. मी तर्पणाचा अर्थ सांगितला, ऋणानुबंध सांगितला. नानांनी शांतपणे ऐकून घेतले.

"ज्यानी मन्हं पानी चोरं, तेले मी पानी पाजू? आते हाई घरमा घागर येवाव नही, गुरुजी."

आणि सणाच्या दिवशी, घरात घास न घेता, ते पाचट आणण्यासाठी शेतावर निघून गेले. वहिनी उंबऱ्यात उभ्या होत्या. त्यांच्या डोळ्यांत मी पाहिले ते दुःख नव्हते, निश्चय होता. पण त्या वेळी मला त्याचा अर्थ लागला नाही.

त्यानंतर पंधरवड्याने हिरवळीने खरोखरच मान टाकली. सगळी तांबूस पडली; मात्र तुळशीजवळचा एक कोपरा पोपटी आणि टवटवीत राहिला. दुसरा कोणी असता तर आनंदला असता. हे हादरले. त्यांच्या सबंध संशयशास्त्रात पाणी नेणाऱ्याची व्यवस्था होती, देणाऱ्याची नव्हती. "नेनारा परवडना, गुरुजी. चोरीछुपे देनाराना पोटमा काय शे, ते कसं समजी?" पुढचे दोन दिवस ते त्या कोपऱ्याकडे तोंड करून खुर्चीवर बसले. शेवटी एका सकाळी त्यांनी लोखंडी पहार आणली, पाचट बाजूला सारले आणि माती उकरली. लगेच मला हाक आली.

"गुरुजी, लवकर या! करनी करी कोनी तरी!"

मी गेलो. गळ्यापर्यंत पुरलेली घागर होती. तोंडावर झाकणी, आत निम्मे पाणी. भोवतालची माती ओली, आणि हरळीची पांढरी मुळे घागरीच्या पोटाला लेकरासारखी बिलगलेली.

"उतारा सांगा. कोनं काम शे हाई? वरली गल्लीवाला का?"

मी झाकणी उचलून पाहिली. काठावर हळदीकुंकवाची बोटे अजून पुसट दिसत होती. करणीच्या घागरीला कोणी इतक्या मायेने बोटे लावीत नाही. मी काही बोलणार, तोच वहिनी तुळशीला घालण्याचा तांब्या घेऊन बाहेर आल्या.

"करनी-बिरनी काही नही. दादानी घागर शे ती. घरमा भरू दिधी नही तुम्ही, मंग मी माटीमा भरी. तुयशीले पानी घालं की उरेल तेमा वतस."

"तू? तू मन्हं पानी चोरं?"

"हो, चोरं. सूर्यावर शक लिधा, पाखरंवर लिधा, गुरुजींवर बी लिधा. मन्हावर लेवानं काही सुचनं नही तुम्हले!"

नाना घागरीशेजारी उकिडवे बसले. त्यांचा संशय आकाशापर्यंत पोचला होता. स्वतःच्या स्वयंपाकघराचा उंबरा मात्र त्याने कधी ओलांडला नव्हता. त्यांनी मुळांवरची माती बोटाने झाडली. मग वहिनींच्या हातून तांब्या घेतला आणि घागरीत ओतू लागले. घागर भरली, काठावरून पाणी वाहिले, पाचटात शिरले. ते सांडलेले पाणी त्यांनी पाहिले आणि त्याविषयी अवाक्षर काढले नाही. मी मनातल्या मनात दादांच्या नावाने तर्पणाचे शब्द उच्चारले. मोठ्याने म्हणण्याची आवश्यकता नव्हती.

यंदा आखाजीच्या आधी घागर घ्यायला ते मला बरोबर घेऊन गेले. एकेक घागर वाजवून, उन्हात धरून, आत तोंड घालून त्यांनी कुंभाराला जेरीस आणले. अखेर एक निवडली, तर कुंभारच म्हणाला, "नाना, ती पाझरस. दुसरी ल्या."

"पाझरनारीच पाहिजे," नाना म्हणाले.

ती प्रथम देवघरापुढे पूजली गेली आणि मग त्याच कोपऱ्यात पुरली गेली. त्यांचा पहारा उठलेला नाही. बुलबुल अजून काठीच्या धाकात पाणी पितो, आणि मी अजून सूर्याचा माणूस आहे. आज पहाटेही ते बोट रोवत, हुंगत, पुटपुटत सगळी हिरवळ फिरले. तुळशीजवळच्या कोपऱ्यापाशी मात्र बोट न लावताच वळले. मी कुंपणावरून विचारले, "नाना, तिथली ओल पाहायची राहिली."

ते धोतराला हात पुसत हलकेच म्हणाले,

"तठे दादानी बारी शे, गुरुजी."