वाकळेपुढचा फोटो

लढाईच्या काळात सांगलीत माझा छोटा फोटो स्टुडिओ होता. कृष्णेच्या पुरात मागचा रंगवलेला पडदा कुजला आणि नवा काही मिळेना. अशात शिराळ्याकडचा एक शिपाई पलटणीत परतण्याआधी आईसोबत फोटो काढायला आला. उघडी भिंत पाहून त्याच्या आईने गाठोड्यातून लेकाला द्यायला आणलेली, जुन्या लुगड्यांची शिवलेली वाकळ काढली.

"ही लावा की मागं. ह्येच्या बारशाचं लुगडं हाय हिच्यात."

मी बिचकतच वाकळ खिळ्यांना टांगली.

"आये, लोकं हसत्याल की!" शिपाई लाजला. पण आईने हात धरताच तोच खदखदून हसला आणि मी फोटो घेतला.

इतका जिवंत फोटो मी तोवर काढला नव्हता. त्याची एक प्रत मी दारात लावली; ती पाहून पुढे गिऱ्हाइकंच घरून वाकळा, घोंगडी आणू लागली. नव्या पडद्याचं मी विसरूनच गेलो.