हवंय काय ते आधी सांगा

"पैशांचं नंतर. हवंय काय ते आधी सांगा."

समोर कोणीही असो, ती हे वाक्य म्हणायची आणि आपली खुर्ची जराशी मागे सरकवायची. माणसाला विचार करायला जागा लागते, असं तिचं म्हणणं. आमच्या बेलापूरच्या ऑफिसात सगळे तिला आपा म्हणायचे, म्हणजे थोरली बहीण. रायगडच्या किनाऱ्यावरच्या कोकणी मुसलमान घरातली. वयानं माझ्याएवढीच, चाळिशीला टेकलेली, तरी मलाही आपाच.

आम्ही एक ॲप बनवत होतो. साध्या पगारातल्या माणसानं आपली कमाई, खर्च आणि पुढे काय करायचंय ते त्यात भरायचं. महिन्याला किती बाजूला काढावं आणि किती वर्षं लागतील, ते ॲप हिशेब करून सांगणार. विमा नाही, फंड नाही, कुणाचंच काही विकायचं नाही. मराठी मजकूर लिहिण्याचं काम माझं, आणि तो लोकांना कळतो का हे बघण्याचं तिचं. म्हणून आम्ही दोघं नवी मुंबईभर फिरायचो.

हे ॲप काही विकत नाही, यावर कोणाचा विश्वास बसत नसे. तुम्हीही ठेवला नसता. करावे गावात एका मासळीवालीनं पाटीवरच्या माशा हाकलत विचारलं, "बाय, तुजा मशीन इकतं काय?"

"काहीच नाही."

"मंग त्याला मिलतं काय?"

"शिव्या," आपा म्हणाली. "फार वर्षं लागतील म्हणून सांगितलं, की लोक त्यालाच शिव्या घालतात."

मासळीवाली खूप हसली. मग पदराला हात पुसून तिनं मोबाईल हातात घेतला.

जासईला कंटेनर यार्डाबाहेरच्या टपरीवर एक ट्रेलर ड्रायव्हर भेटला, बीडकडचा. तेव्हा आमच्या ॲपमध्ये चारच उद्दिष्टं होती: घर, गाडी, शिक्षण, लग्न. प्रत्येकाचं एक छोटं चित्र. त्यानं निमूटपणे लग्नाचं चित्र दाबलं.

"कोणाचं लग्न?" आपानं विचारलं.

"पोरीचं."

"केवढी आहे?"

"चार वर्षांची."

तिथे खुर्ची नव्हती, सिमेंटचं बाकडं होतं. ते सरकेना, म्हणून आपाच उठून चार पावलं मागे जाऊन उभी राहिली. "तिचं राहू दे. तुम्हाला काय हवंय?"

त्यानं चहाचा ग्लास बाकड्यावर ठेवला. "घरी राहायचंय, ताई. दोन महिने सलग. पोरगी मला पाहुणा समजायलीय."

दुसऱ्या दिवशी ऑफिसात आपा साहेबांशी भांडली. घरी राहणं कुठल्याच प्रकारात बसत नाही, असं साहेब म्हणाले. "मग प्रकार काढून टाका," ती म्हणाली. आठवडाभर कुरबुर चालली. शेवटी चारही चित्रं गेली आणि एक रिकामी चौकट आली. ज्याला जे हवं ते त्यानं स्वतःच्या शब्दांत लिहावं. लोक लिहू लागले. कोणाला नवे दात हवे होते, कोणाला आईला विमानात बसवायचं होतं.

एकदा सीवूड्सला चहा पिताना तिनं मलाच विचारलं, "तुला काय हवंय रे?"

"मला काय, चाललंय."

"ते मी विचारलं नव्हतं."

मी बिल द्यायला उठलो.

मग तिनं स्वतःसाठी ॲप उघडलं. गावी जाऊन अम्मीजवळ राहायचं होतं तिला. घराचं छप्पर, दवाखाना, कमाई थांबली तरी चालेल इतकी शिल्लक, असं सगळं तिनं भरलं. उत्तर आलं, सात वर्षं. तिनं खर्च कमी केले, परत भरलं, परत कमी केले. पाचच्या खाली काही येईना.

"मशीन बरोबर आहे," ती म्हणाली. "पण परवा अम्मीनं फोनवर मला मावशीच्या नावानं हाक मारली. अजून बऱ्याचदा ओळखते. पाच वर्षांनी जाऊन मी कोणाला भेटू?"

हा प्रश्न आमच्या ॲपमध्ये नव्हताच. तिनं हिशेबातून छप्पर काढून टाकलं, गावातल्या शाळेतल्या अर्ध्या दिवसाच्या नोकरीचा पगार भरला. शिल्लक कमी पडेल, असं लाल अक्षरांत आलं. "खरं सांगतंय बिचारं," म्हणाली आणि राजीनामा लिहायला बसली.

जाण्याआधी तिला तो राहिलेला प्रश्न ॲपमध्ये हवा होता. मी लिहिलं, 'उद्दिष्टाशी संबंधित व्यक्तींचे वय नमूद करा.' ती म्हणाली, "असं पोलीस चौकीत विचारतात." माझे बरेच मसुदे तिनं परत केले. शेवटी तीच बोलली आणि मी टाईप केलं: 'याची वाट आणखी कोण बघतंय?' तो प्रश्न अजून ॲपमध्ये आहे.

मी पनवेलला एसटी स्टँडवर तिला सोडायला गेलो. दोन बॅगा, एक मिक्सर. एसटी सुटेपर्यंत आम्ही मिक्सरच्या भांड्यांबद्दल बोललो. दुसरं बोलायचं खूप होतं, निदान माझ्याकडे.

आता तिच्या जागेवर एक हुशार मुलगी आली आहे. काम चांगलं करते. लोकांशी बोलताना ती पुढे वाकते.

परवा दुपारी मी आपाला फोन केला. अम्मीनं आज ओळखलं का, विचारलं.

"सकाळी ओळखलं. आता मी शेजारीण आहे."

"मग?"

"मग काय, शेजारणीनं जेवायला वाढलं. आवडलं तिला. शेजारीण चांगली आहे म्हणाली. पैशांची ओढाताण होते. पण बरं चाललंय माझं."

तेवढ्यात आतून हाक आली. "थांब हां," म्हणून तिनं फोन कुठेतरी ठेवला.

फोन चालूच राहिला. बादली सरकल्याचा आवाज आला, मागे कोंबड्या. आपा अम्मीशी बोलत होती, घरच्या बोलीत, सावकाश. ती बोली मी ऑफिसात कधी ऐकली नव्हती. शब्द नीट कळत नव्हते. मग अम्मी हसली, आणि मागोमाग आपा.

मी लाईनवर आहे हे ती विसरली असावी. मी फोन ठेवला नाही.