कोरडा टॉवेल

“जिवंत आला, जिवंत जाऊ दे.” न्हाव्याचं हे वाक्य घरात इतक्यांदा ऐकू यायचं, की भांडी घासता घासता त्याची बायकोच ते त्याच्या आधी पुरं करायची. मासा गळाला लागला की तो हे म्हणायचा. घरात पाल शिरली तरी हेच, इस्पितळाला निघताना उंबऱ्यावरही हेच. एकदा मेहुणा जेवायला आला आणि उठायचं नाव घेईना, तेव्हा बायकोने हेच वाक्य नवऱ्याच्या आवाजात म्हटलं होतं. तिघंही पोट धरून हसली होती.

न्हावी इस्पितळात कामाला होता. ऑपरेशनच्या आधी रोग्याच्या अंगावरचे केस काढायचे आणि जिथे चिरायचं ती जागा स्वच्छ करून द्यायची, एवढंच त्याचं काम. आधी साबणाचा फेस, मग वस्तरा, मग कोमट पाणी, आणि शेवटी तीन घड्या घातलेला पांढरा टॉवेल. अंगावर पाण्याचा थेंब राहता कामा नये, असं त्याला तिथे पहिल्याच दिवशी बजावलं होतं आणि ते त्याच्या अंगवळणी पडलं होतं. घाबरलेला माणूस वस्तऱ्यापुढे मन मोकळं करतो. कोणी मुलीच्या लग्नाचं सांगायचा, कोणी घराच्या गळक्या छपराचं. मग ढकलगाडी यायची, ऑपरेशनच्या खोलीचं दार उघडायचं आणि मिटायचं. त्यातला कोण परत आला, हे न्हाव्याला कोणी सांगत नसे. दुसऱ्या दिवशी खाट रिकामी दिसली की तो काय ते समजायचा. त्या दिवशी घरी आला की ताटावर बसून आपलेच हात उलटसुलट करून बघत राहायचा. बायको म्हणायची, अहो, निवतंय. तो जेवायचा, पण काय जेवला हे त्याला विचारलं असतं तर सांगता आलं नसतं.

म्हणूनच त्याला तळ्याचा नाद लागला, हे बायको ओळखून होती. आपल्या हातात आलेला एखादा तरी जीव धडधाकट परत जाताना त्याला बघायचा होता. सुट्टीच्या दिवशी तो गळ घेऊन निघायचा, तो मेहुण्याला सोबत घेऊन. मेहुणा म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ. समोरच्या कोपऱ्यावर त्याचं सायकल दुरुस्तीचं दुकान होतं. दोघे एकाच काठावर, एकाच दगडावर बसायचे, आणि तरी त्यांचं कधी जमलं नाही. मेहुणा मिळेल तो मासा पिशवीत टाकायचा आणि बहिणीकडे येऊन तळून खायचा. न्हावी आपला मासा बाहेर काढायचा, पिशवीतला धुतलेला, तीन घड्यांचा कोरडा टॉवेल काढून लेकरासारखा त्यात घ्यायचा, पुसायचा, हलक्या हाताने गळ सोडवायचा, आणि पाण्यात सोडून तो दिसेनासा होईपर्यंत ओणवा राहायचा.

“भाऊजी, मासा आंघोळ करून आलाय, त्याला पुसताय काय? आता पावडर लावा,” मेहुणा म्हणायचा.

न्हावी हसायचा नाही. तुझ्या हातून सुटलेला एक तरी दाखव, असं तो मेहुण्याला विचारायचा. मेहुणा गळाला नवं आमिष लावायचा. घरी आल्यावर न्हावी तळलेल्या माशाच्या ताटापासून लांब बसायचा, जरा मान ताठ ठेवून. ती ताठ मान बायकोला आवडायची. इस्पितळातून येताना ती कधीच तशी नसायची.

टॉवेल धुवायचे मात्र तिच्याच वाट्याला यायचे, इस्पितळातले आणि तळ्यावरचे दोन्ही. तळ्यावरून आलेले टॉवेल हाताला बुळबुळीत लागायचे. साबण हरायचा. कढत पाण्यात घालून ठेवल्याशिवाय ती चिकटी निघायची नाही. तिने दोन-चारदा कुरकुर केली, मग सोडून दिलं. एका माणसाची मान ताठ राहते, तर एवढं पाणी तापवायला काय जातंय, असा तिचा हिशेब होता.

त्या उन्हाळ्यात तळं बरंच आटलं. मेहुण्याचा गळ तुटून पलीकडच्या वेताच्या बेटात अडकला, म्हणून तो चिखल तुडवत त्या कोपऱ्यात गेला. तिथे कोणी जात नसे. वारा तळ्यावरचा सगळा कचरा तिकडेच लोटायचा. तो परत आला तो थेट बहिणीच्या मागच्या दारी, हातात बादली घेऊन. नेहमीची थट्टा तोंडावर नव्हती. बादलीत एक मासा होता, अजून धुगधुगी असलेला. तसे मेलेले बरेच तिथे पडलेत, तो हळू आवाजात म्हणाला. सगळ्यांच्या ओठाला गळाची खूण. मी तर एकही सोडलेला नाही, आणि तिथे दुसरं कोणी गळ टाकत नाही.

बहिणीने वाकून पाहिलं. माशाच्या पाठीवरून पोटापर्यंत, दोन्ही अंगांना, कापसासारखी पांढरी बुरशी चढली होती. डोकं स्वच्छ, शेपूट स्वच्छ. मधेच तेवढा रुंद पट्टा. तिच्या हातांना एकदम टॉवेलांची ती बुळबुळ आठवली. भावाला ती म्हणाली, बादली घेऊन जा, त्यांच्या कानावर घालू नकोस. पण न्हावी दारात उभाच होता.

तो खाली बसला. आधी त्याने ओठावरची खूण पाहिली. मग दोरीवरचा वाळलेला टॉवेल ओढला, तीन घड्या घातल्या, आणि माशाला न लावता त्याच्या पाठीवर नुसता धरला. पट्टा टॉवेलाच्या रुंदीचा निघाला.

“हे धुताना तुझ्या हाताला काय लागायचं?” त्याने बायकोला विचारलं.

“बुळबुळ.”

“दर वेळी?”

खोटं बोलावं असं तिला वाटलं. पण तो तिच्या हातांकडे बघत होता. “दर वेळी,” ती म्हणाली. “कढत पाण्याशिवाय निघायची नाही.”

“म्हणजे ती बुळबुळच त्यांच्या अंगावरचं पांघरूण होती. ती मी पुसून काढली, म्हणून बुरशी चढली. आणि पोहत गेले म्हणून वर खूश झालो.”

मेहुण्याला राहवलं नाही. पुढच्या खेपेला ओल्या हाताने धरा, पाण्यातल्या पाण्यात गळ सोडवा, तो घाईघाईने सांगू लागला. आजवर तुमचं एकदाही ऐकलं नाही, आता मीही माझे निम्मे सोडतो, असंही म्हणाला. ते तो मनापासून बोलत होता, आणि म्हणूनच ते ऐकवत नव्हतं.

“तुझे बरे होते रे,” न्हावी म्हणाला. “एकदाच मरायचे.”

बादलीतला मासा उलटा झाला. मेहुण्याने बादली उचलली आणि कोणाकडे न बघता निघून गेला. न्हाव्याने गळाची काठी कोपऱ्यातून काढली, मोडली नाही, फेकली नाही, नुसती माळ्यावर जुन्या पत्र्यामागे सारली. त्या दिवशी बायकोने कोणाचंच ताट वाढलं नाही. आपण आधीच नीट विचारलं असतं, ही चिकटी कसली म्हणून, हा विचार तिला टोचत राहिला. तिने तो बोलून दाखवला नाही. दाखवला असता तर तो म्हणाला असता, तुझा काय दोष. आणि ते तिला सोसलं नसतं.

सकाळी इस्पितळाची वेळ झाली. तिने नेहमीप्रमाणे टॉवेलांची चळत त्याच्या पिशवीत भरली. त्याने सगळ्यात वरचा बाहेर काढला, तळव्यावरून फिरवला आणि परत ठेवला. तिथल्या माणसांना कोरडंच करावं लागतं, तिथे पर्याय नाही, असं काहीतरी तो स्वतःशीच पुटपुटला. तिने वाट पाहिली, पण त्याचं ते नेहमीचं वाक्य काही आलं नाही. तिनेही ते पुरं केलं नाही.

तो पायऱ्या उतरला आणि चालू लागला. एक हात पिशवीला होता. दुसरा त्याने अंगापासून जरा लांब धरला होता, कशालाही लागू नये असा. समोरच्या दुकानात मेहुणा पाण्याच्या घमेल्यात ट्यूब दाबून पंक्चर शोधत बसला होता. बुडबुडे येत होते, पण त्याचं तिकडे लक्ष नव्हतं. तो रस्त्याकडे बघत होता. इकडे दारात ती उभी होती. इस्पितळाच्या वळणावर न्हावी दिसेनासा झाला, तरी दोघंही तिकडेच बघत होती.